ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या जाहिरातीत एक आकडा सगळ्यात ठळक असतो : ही गाडी किती वजन ओढते. दहा हजार पाउंड, अकरा हजार, तेरा हजार. म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचार हजार किलोपासून पुढे. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, घ्यायला निघालेलं कुटुंब हा आकडा पाठ करूनच दुकानात शिरतं. ट्रेलर २,३०० किलोचा, आपली गाडी ४,५०० किलो ओढते, मग अडचण कसली? विक्रेताही मान डोलावतो.

अडचण अशी की ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. त्याची पुढची दांडी गाडीच्या मागच्या हिचवरच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसते आणि तिथे काही भार सतत खाली दाबत असतो. या भाराला टंग वेट म्हणतात. तो गाडीला ओढायचा नसतो, अंगावर पेलायचा असतो. घरगुती वापराच्या बहुतेक गाड्यांची पेलण्याची ताकद ओढण्याच्या ताकदीच्या कितीतरी आधी संपते. कॅलिफोर्नियापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या आपल्या मंडळींपैकी कुणी यलोस्टोनला ट्रेलर घेऊन जायचा बेत करत असेल, तर त्याने जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून आधी हे गणित समजून घ्यावं.

ट्रेलरची चाकं त्याच्या मध्याच्या जरा मागे बसवलेली असतात. चाकांच्या पुढे जास्त वजन असलं की दांडी खाली दाबते, मागे जास्त झालं की वर उचलली जाते. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर रुततं. मागे जास्त झाला की गाडी उलाळते, जू मानेवरून उचललं जातं आणि गळ्यातले पट्टे ताणले जातात. म्हणून गाडीवान पोती सारखी करतो आणि उरलेला तोल स्वतः पुढे-मागे सरकून साधतो. ट्रेलरला मात्र नुसता तोल पुरत नाही, त्याला मुद्दाम धुरजड ठेवावं लागतं. बैलगाडी माणसाच्या चालीने जाते, ट्रेलर ताशी शंभर किलोमीटरने, आणि त्या वेगाला तोल सांभाळायचे नियम बदलतात.

उत्तर अमेरिकेतला रूढ नियम असा : प्रवासाच्या तयारीने भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यावा. पिकअपच्या हौद्यात जोडायच्या फिफ्थ व्हील ट्रेलरला १५ ते २५ टक्के लागतात, पण तो भार जवळजवळ थेट मागच्या ॲक्सलवर उतरतो, त्यामुळे त्याचा विचार इथे करत नाही. साध्या ट्रेलरला १२-१३ टक्के धरून चालणं शहाणपणाचं, कारण प्रवासात पाणी संपतं, सांडपाण्याच्या टाक्या भरतात, सामान हलतं आणि टक्का दोन्हीकडे सरकू शकतो.

टंग वेटच्या आकड्यावरून ट्रेलरचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते कळतं. बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत ५ मीटर अंतर धरा. १३ टक्के टंग वेट म्हणजे गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ६५ सेंटिमीटर पुढे. १० टक्के म्हणजे ५० सेंटिमीटर पुढे. सात मीटर लांबीच्या घराचा गुरुत्वमध्य वीतभरापेक्षाही कमी मागे सरकला, तर ट्रेलर मधल्या सुरक्षित पट्ट्यातून थेट कडेला येतो.

टंग वेट कमी पडलं तर काय होतं, ते एका छोट्या प्रयोगात फार स्पष्ट दिसतं. खेळण्यातली गाडी आणि तिला जोडलेला ट्रेलर ट्रेडमिलसारख्या सरकत्या पट्ट्यावर ठेवतात. ट्रेलरवरचं वजन पुढच्या बाजूला असताना त्याला बोटाने बाजूला ढकललं, तर तो एक-दोनदा डुलतो आणि सरळ होतो. तेच वजन मागच्या टोकाला नेऊन पुन्हा तसंच ढकललं, की प्रत्येक डुलकी आधीच्यापेक्षा मोठी होत जाते आणि गाडीसकट सगळं आडवं होतं. वजन तेवढंच, वेग तोच, ढकलणंही तेवढंच. बदलली ती फक्त वजनाची जागा.

खऱ्या रस्त्यावर बोटाने ढकलण्याचं काम आडवा वारा करतो, किंवा शेजारून झपकन पुढे जाणारा मोठा ट्रक. ट्रेलर बॉलभोवती थोडा वळतो. त्याचे टायर तिरके होतात आणि त्याला परत रेषेत आणायचा जोर लावतात. गुरुत्वमध्य चाकांच्या पुरेसा पुढे असेल, तर हे डुलणं लवकर विरतं. मागे असेल, तर ट्रेलरचं जड शेपूट प्रत्येक फेरीत पलीकडे झेपावतं आणि बॉलच्या वाटे गाडीचं मागचं टोक आपल्याबरोबर ओढतं. वेग वाढतो तशी डुलणं विरवण्याची ताकद घटत जाते. प्रत्येक जोडीला एक वेग असा असतो, की त्याच्यापुढे डुलणं विरण्याऐवजी वाढत जातं. ८० ला अगदी शांत चालणारा ट्रेलर १०५ ला आणि उतारावर अचानक पिसाळतो, तो यामुळेच. आधी कसलीही सूचना मिळत नाही, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

अशा वेळी काय करायचं, ते गाडीत बसण्याआधी घोटून ठेवायला हवं. जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून ट्रेलरला ‘पकडायचा’ प्रयत्न करायचा नाही. चाक सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. मागून ओढ बसली की जोडी सरळ होते. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला तो कंट्रोलर कुठे आहे हे न बघता सापडलं पाहिजे.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी वजनाची मांडणी बदलता येईल असा प्रायोगिक ट्रेलर घेऊन या अस्थिरतेचा अभ्यास केला आहे. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बॉलवरचा भार जितका महत्त्वाचा, तितकंच वजन कुठे कुठे पसरलं आहे तेही महत्त्वाचं. पुढच्या टोकाला जड पेटारा आणि मागच्या टोकाला तेवढंच जड काही ठेवलं, तरी टंग वेट कागदावर बरोबर येऊ शकतं. पण दोन्ही टोकं जड असलेला ट्रेलर एकदा फिरू लागला की थांबता थांबत नाही. जड सामान ॲक्सलच्या आसपास, खाली, जमिनीलगत ठेवायचं, आणि पुढचा कल त्यातूनच साधायचा.

म्हणजे टंग वेट जितकं जास्त तितकं चांगलं, असं वाटेल. तसं नाही. बॉल गाडीच्या मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तिथला भार तरफेसारखं काम करतो. एका पिकअपच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ३.७ मीटर आहे आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या १.६ मीटर मागे आहे असं धरू. बॉलवर ३६५ किलो टेकवले, तर पुढच्या चाकांवरून १५८ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ३६५ नव्हे, ५२३ किलोंची भर पडते. गाडी मागून बसते, हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातात. पण खरा धोका पुढच्या टायरांना आहे. वळण्याचं आणि ब्रेक लावण्याचं मोठं काम त्यांचं असतं, आणि नेमकी त्यांचीच पकड सैल होते.

यावरचा उपाय म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. त्यात दोन स्प्रिंगसारख्या पट्ट्या हिचपासून ट्रेलरच्या दांडीच्या बाजूने मागे जातात आणि साखळीने किंवा कंसाने ताणून बसवतात. त्या ताणामुळे मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर जातो. पुढच्या ॲक्सलवर किती भार परत आणायचा हे प्रत्येक कंपनी आपापल्या मॅन्युअलमध्ये सांगते, तेच पाळावं. गाडी दिसायला सपाट झाली म्हणून पट्ट्या अजून ताणत राहणं चुकीचं आहे. अनेक पिकअपच्या हिच रिसीव्हरवर, म्हणजे हिच खोवायच्या खोबणीवर, दोन ओळींचं लेबल असतं : या पट्ट्यांशिवाय टंग वेट इतकंच, पट्ट्यांसह इतकं. पहिला आकडा बरेचदा ५०० पाउंड, म्हणजे २२७ किलोच असतो.

आता जाहिरातीतल्या आकड्याकडे येऊ. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो ठरवायची. पुढे अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक आणलं आणि कंपन्यांनी हळूहळू ती एकच परीक्षा स्वीकारली. तिचा एक भाग ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होतो. कोलोरॅडो नदीच्या काठावरून वाळवंटी डोंगरात अठरा किलोमीटर चढत जाणारा रस्ता, भर उन्हाळा, एसी पूर्ण सुरू, आणि मागे ट्रेलर लावलेल्या साध्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. परीक्षा कडक आणि प्रामाणिक आहे. पण ती देताना गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी असे दोघेच, प्रत्येकी ६८ किलोचे, धरतात. आणि साध्या ट्रेलरचं टंग वेट १० टक्के. तुमच्या गाडीत मुलं आहेत, उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा आले आहेत, हौद्यात शेगडी, खुर्च्या, जनरेटर आहे. तो आकडा त्या दोघांसाठी खरा आहे, तुमच्यासाठी नाही.

तुमच्यासाठीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरच्या माहितीच्या स्टिकरवर एक वाक्य छापलेलं असतं : माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा जास्त कधीही नको. हा पेलोड. एकाच नावाच्या, एकाच वर्षीच्या दोन पिकअपवर तो वेगळा असतो, कारण काचेचं छत, मोठी चाकं, चामड्याच्या सीटा, चारही चाकांना जाणारी शक्ती या प्रत्येक गोष्टीचं वजन पेलोडमधून वजा झालेलं असतं. सजवलेल्या महागड्या गाडीचा पेलोड साध्या गाडीपेक्षा कमी निघतो, आणि शोरूममध्ये हे सहसा कुणी सांगत नाही.

एक हिशेब मांडू. पिकअपचा पेलोड ६८० किलो. माणसं २७०, हौद्यातलं सामान ९०, हिचचं लोखंड ४०. उरले २८०. ट्रेलरच्या माहितीपत्रकात हिचवरचं वजन २५० छापलं आहे, म्हणून सगळं बसतंय असं वाटतं. पण ते रिकाम्या ट्रेलरचं वजन आहे. गॅसच्या दोन टाक्या आणि बॅटरी दांडीवरच असतात, त्यांचे साठेक किलो जवळजवळ सगळे बॉलवर येतात. मग पुढच्या कप्प्यातलं सामान, स्वयंपाकघर, अंथरुणं, पाणी. प्रवासाला निघताना ट्रेलर २,८१० किलो भरतो आणि १३ टक्क्यांनी टंग वेट होतं ३६५. गाडी मर्यादेपेक्षा ८५ किलोंनी जड झाली. ओढण्याच्या आकड्याला मात्र अजून दीड हजार किलोंहून जास्त जागा दिसते आहे!

हा हिशेब कागदावर न ठेवता काट्यावर तपासायची सोय अमेरिकेत हमरस्त्यांवरच्या ट्रक स्टॉपना आहे. कॅट स्केल नावाचे हे काटे लांब असतात, त्यांना वेगवेगळे पाट असतात. पहिल्या पाटावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलर. थोड्या पैशांत छापील पावती मिळते. तीन वेळा वजन करायचं : पट्ट्या ताणलेल्या असताना, पट्ट्या काढून, आणि ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं. वरच्या उदाहरणातल्या पावत्या अशा दिसतील. नुसती गाडी माणसांसह पुढे १,५६०, मागे १,३६०, एकूण २,९२०. पट्ट्यांशिवाय ट्रेलर जोडल्यावर पुढे १,४०२, मागे १,८८३, एकूण ३,२८५. दोन बेरजांतला फरक ३६५, हेच टंग वेट. पट्ट्या ताणल्यावर पुढे १,४८२, मागे १,७५८, एकूण ३,२४०. म्हणजे पट्ट्यांनी ४५ किलो ट्रेलरच्या चाकांवर ढकलले. या गाडीची एकूण मर्यादा ३,२०० आहे, त्यामुळे पट्ट्या लावूनही ती ४० किलोंनी जास्तच भरते.

ट्रक स्टॉप लांब असेल तर घरच्या वजनकाट्यावरही भागतं. दांडीचा भार सरळ त्यावर टेकवला तर काटा मोडेल, म्हणून एक मजबूत तुळई घ्यायची. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंमध्ये तीन फूट. ट्रेलरची दांडी विटेपासून एका फुटावर टेकवायची. काट्यावर येईल त्याच्या तिप्पट म्हणजे टंग वेट. तुळईचं वजन आधी वजा करायचं, ट्रेलर समतल ठेवायचा, आणि चाकांना उटी लावल्याशिवाय हे काम सुरू करायचं नाही.

वजन केल्यानंतरही टंग वेट एका जागी थांबत नाही. पाण्याची दीडशे लिटरची टाकी ॲक्सलच्या एक मीटर पुढे असेल, तर ती भरल्यावर बॉलवर ३० किलो वाढतात. दीड मीटर मागे असेल, तर ४५ कमी होतात. त्याहून घातक म्हणजे मागच्या बंपरला लावलेला सायकलींचा स्टँड. दोन इलेक्ट्रिक सायकली आणि स्टँड मिळून ७५ किलो, ॲक्सलपासून चार मीटर मागे. बॉलवरचे ६० किलो गेले. शिवाय ते वजन अगदी शेवटच्या टोकाला, म्हणजे डुलणं वाढवायला सगळ्यात वाईट जागी. बऱ्याच ट्रेलरचे बंपर हा भार सोसायला बनवलेलेही नसतात.

युरोपात कॅरव्हॅनच्या नाकावर साधारण ५ ते ७ टक्केच भार ठेवतात, आणि तिथल्या छोट्या गाड्या त्या आरामात नेतात. त्याचा दाखला देऊन अमेरिकेतले काही जण १० टक्क्यांचा नियम अवाजवी ठरवतात. तो युक्तिवाद मला पटत नाही. युरोपातली कॅरव्हॅन हलकी असते, तिचं जड सामान ॲक्सलजवळ मांडलेलं असतं, जोडणीत घर्षणाने डुलणं दाबणारा स्टॅबिलायझर असतो, आणि मुख्य म्हणजे वेग कमी असतो. जर्मनीत ट्रेलरसह ८० ची मर्यादा आहे, खास मंजुरी असेल तर १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ताशी ६० मैल. तिथला टक्का घ्यायचा तर तिथली बांधणी आणि तिथला वेगही घ्यावा लागेल.

पाच हजार पाउंड ओढणाऱ्या कौटुंबिक एसयूव्हीबद्दलही सांगायला हवं. तिची टंग वेटची मर्यादा बहुधा ५०० पाउंड असते, म्हणजे बरोबर १० टक्के. १३ टक्के धरले, तर भरलेला ट्रेलर सुमारे १,७५० किलोंच्या वर जाता कामा नये. म्हणजे जाहिरातीतल्या २,२७० किलोंपैकी पाचशेहून जास्त किलो कधी वापरायचेच नाहीत.

भार जास्त भरला की एक चुकीचा मोह होतो : सामान ट्रेलरच्या मागच्या भागात सरकवून टंग वेट मर्यादेत बसवायचं. आकडा बसतो, पण गाडीचे वाचवलेले किलो ट्रेलरच्या स्थैर्यातून वजा होतात. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली नेऊन गाडी वाचवू नका. सामान कमी करा, हौदा रिकामा करा, ट्रेलर लहान घ्या किंवा गाडी मोठी घ्या. पाचवा पर्याय नाही. डुलणं रोखणारी उपकरणं चांगली असतात, पण ती योग्य भरलेल्या ट्रेलरला मदत करतात, चुकीचा भरलेला ट्रेलर दुरुस्त करत नाहीत.

म्हणून ट्रेलर बघायला जाण्याआधी आपल्या गाडीचं दार उघडा आणि पेलोडच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यातून घरातल्या सगळ्यांचं खरं वजन, गाडीतलं सामान आणि हिच वजा करा. उरलेल्या आकड्याला ०.१३ ने भागा. वरच्या उदाहरणात २८० किलो उरले होते, म्हणजे ट्रेलर भरल्यावर फार तर २,१५० किलोंचा. हा आकडा रिकाम्या वजनाशी ताडू नका, ट्रेलरवर छापलेल्या कमाल भरलेल्या वजनाशी ताडा. ते वजन तुमच्या आकड्याच्या आत असेल आणि रिसीव्हरवरच्या लेबलची मर्यादाही पाळली जात असेल, तरच किमतीचं बोलणं सुरू करा.